जीप आणि जिप्सी : संग्राहकांच्या दृष्टीने तुलना

जीप आणि जिप्सी या भारतीय रस्त्यांवर दीर्घकाळ वावरलेल्या, चारही चाकांना इंजिनाचा जोर पुरवू शकणाऱ्या दोन हलक्या मोटारी होत. जीप मूळची अमेरिकेतील विलीज-ओव्हरलँड कंपनीची; भारतात ती मुंबईच्या महिंद्रा अँड महिंद्रा कंपनीने घडवली. जिप्सी मूळची जपानच्या सुझुकी कंपनीची. भारतात ती हरियाणातील गुडगाव येथे मारुती उद्योगाने बनवली. दोन्हींचे मूळ रूपातील नागरी उत्पादन आता बंद झाले असून जुन्या मोटारी जतन करणारे हौशी संग्राहक या दोन्ही गाड्यांच्या शोधात असतात.

अमेरिकन मोटार श्रेष्ठ की जपानी, हा संग्राहकांचा वाद जगभर जुना आहे. अन्यत्र तो शेव्हरोले कॉर्व्हेट, फोर्ड मस्टँग यांसारख्या अमेरिकन आणि टोयोटा सुप्रा, निसान स्कायलाइन जीटी-आर यांसारख्या जपानी वेगवान मोटारींवरून रंगतो. भारतात दीर्घकाळ चाललेल्या आयात-निर्बंधांमुळे आणि भारी जकातीमुळे त्या मोटारी फारच थोड्या आल्या. नागपूरच्या संग्राहकापुढे हा वाद उभा राहतो तो जीप आणि जिप्सी यांच्या रूपाने. येथे कामगिरी म्हणजे ताशी वेग नव्हे. चिखल, नाला, खडा चढ आणि जंगलवाट यांतून गाडी पार होते की नाही, ही येथील कसोटी आहे.

दोन्ही गाड्यांचे नाते

वादाच्या दोन बाजू म्हणून पाहिल्या जाणाऱ्या या गाड्या वस्तुतः एकाच वंशातील आहेत, ही गोष्ट अनेकदा विसरली जाते.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४० च्या उन्हाळ्यात, अमेरिकन सैन्याने टेहळणीसाठी हलके वाहन हवे म्हणून १३५ कंपन्यांना विचारणा केली. मुदत इतकी तोकडी होती की बहुतेक कंपन्यांनी त्या वाटेला जाणेच टाळले. अमेरिकन बँटम या लहानशा कंपनीसाठी कार्ल प्रोब्स्ट या अभियंत्याने आराखडा तयार केला आणि २३ सप्टेंबर १९४० रोजी पहिला नमुना सैन्याच्या हवाली झाला. मात्र बँटमची उत्पादनक्षमता सैन्याच्या गरजेला पुरणारी नव्हती. त्यामुळे विलीज-ओव्हरलँड आणि फोर्ड यांनाही स्पर्धेत उतरवण्यात आले. अखेरीस विलीजची रचना प्रमाण मानली गेली, त्यात मोठा वाटा डेल्मार ‘बार्नी’ रूस यांनी विकसित केलेल्या ‘गो डेव्हिल’ इंजिनाचा होता. विलीजने बनवलेली ती एमबी आणि त्याच आराखड्यावर फोर्डने बनवलेली ती जीपीडब्ल्यू. १९४५ पर्यंत या दोन्ही मिळून सहा लाखांहून अधिक गाड्या तयार झाल्या. जीप हे नाव कसे पडले याविषयी एकमत नाही. कोणी ते फोर्डच्या ‘जीपी’ या आद्याक्षरांशी जोडतात, तर कोणी पॉपाय या चित्रमालिकेतील ‘यूजीन द जीप’ या प्राण्याशी.

युद्धात फिलिपिन्समध्ये जपानी सैन्याच्या हाती एक अमेरिकन गाडी लागली आणि तिच्यावरून नवी गाडी बेतण्याचे काम टोयोटाकडे सोपवण्यात आले. ते प्रयत्न नमुन्यापलीकडे फारसे गेले नाहीत. खरी चालना मिळाली ती १९५० मध्ये कोरियन युद्ध सुरू झाल्यावर. अमेरिकन सैन्याला आणि जपानच्या राखीव पोलीस दलाला जवळपास बनणारी दणकट वाहने हवी होती. १९५१ मध्ये टोयोटाने बीजे आणि निसानने पॅट्रोल ही गाडी पुढे आणली. दोन्हींवर जीपची छाप उघड दिसत होती. मित्सुबिशीने तर १९५३ पासून विलीजच्या परवान्याने प्रत्यक्ष जीपच बांधायला घेतली आणि ती १९९८ पर्यंत बांधली. ‘जीप’ हे दुसऱ्याच्या मालकीचे नाव वापरता येईना, म्हणून टोयोटाने १९५४ मध्ये आपल्या गाडीला ‘लँड क्रूझर’ म्हटले.

सुझुकी या घराण्यात उशिरा शिरली. जपानमध्ये ठराविक लहान आकाराच्या मोटारींना करात मोठी सवलत मिळे. त्या काळी अशा मोटारीचे इंजिन ३६० घन सेंमी.पेक्षा आणि लांबी ३ मीटरपेक्षा अधिक असून चालत नसे. या मर्यादेत बसणारी होपस्टार ओएन ३६० ही चारचाकी ओढीची छोटी गाडी होप मोटर कंपनीने केली होती. तिचे हक्क सुझुकीने विकत घेतले आणि एप्रिल १९७० मध्ये एलजे-१० ही गाडी बाजारात आणली. लांबीची मर्यादा पाळण्यासाठी जादा चाक गाडीच्या मागे न टांगता आत, प्रवाशाच्या जागेत ठेवावे लागले, त्यामुळे तिघेच बसू शकत. याच मालिकेत पुढे १९८१ मध्ये एसजे-४१० आली. तिची लांब चेसिसची आवृत्ती म्हणजेच भारतातील जिप्सी.

जीप महाराष्ट्रात

कैलासचंद्र महिंद्रा युद्धकाळात भारत सरकारच्या खरेदी-मंडळाचे प्रमुख म्हणून अमेरिकेत होते. तेथे त्यांची बार्नी रूस यांच्याशी गाठ पडली. भारताच्या कच्च्या रस्त्यांना हेच वाहन मानवेल, असे त्यांना वाटले. १९४५ मध्ये त्यांनी बंधू जगदीशचंद्र आणि मलिक गुलाम मोहम्मद यांच्यासह ‘महिंद्रा अँड मोहम्मद’ ही पोलादाचा व्यापार करणारी कंपनी स्थापन केली. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि १९४८ मध्ये कंपनीचे नाव ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ असे बदलले. १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईतील माझगाव येथे सुट्या भागांतून जीप जोडण्याचे काम सुरू झाले आणि पुढे हळूहळू भागही येथेच बनू लागले.

भारतातील जुन्या जीपच्या दोन शाखा आहेत आणि संग्राहकाने त्या वेगळ्या ओळखाव्या लागतात. पहिली शाखा युद्धातून उरलेल्या गाड्यांची. चीन, ब्रह्मदेश व भारत या आघाडीवर अमेरिकेने आणलेली वाहने युद्ध संपल्यावर विक्रीला काढली गेली आणि लिलावांतून ती चहामळेवाले, जमीनदार, शिकारी, कंत्राटदार यांच्याकडे गेली. दुसरी शाखा महिंद्राने घडवलेल्या गाड्यांची, आणि संख्येने हीच फार मोठी. तिच्यातील सर्वांत परिचित आकृती सीजे-३बी या नमुन्याची. अमेरिकेत १९५३ मध्ये आलेल्या या नमुन्यात ‘हरिकेन’ हे अधिक उंचीचे इंजिन बसवायचे असल्याने बोनेटच उंच करावे लागले. सौंदर्याच्या दृष्टीने ही तडजोडच होती. अमेरिकेत तो १९६८ मध्ये थांबला. भारतात मात्र हेच उंच बोनेट पुढेही अनेक वर्षे बनत राहिले आणि भारतीय मनात ‘जीप’ म्हणून तेच ठसले.

मराठीत तर जीप हे सामान्यनामच झाले. तहसीलदाराची जीप, पोलिसांची जीप, निवडणुकीतील कर्णा बांधलेली जीप यांत कंपनी कोणती हा प्रश्न कोणी विचारला नाही. विदर्भात प्रवासी वाहतुकीच्या जीपला तिच्या रंगावरून ‘काळीपिवळी’ हे नाव पडले. आधी डिझेल स्वस्त आणि पेट्रोल महाग, त्यातून अशा गाड्या दिवसभर धावणार. म्हणून मूळ पेट्रोल इंजिन काढून डिझेल इंजिन बसवण्याची प्रथा गावोगावच्या मिस्त्र्यांनी रूढ केली. महिंद्राने स्वतःही १९८० च्या दशकात फ्रान्समधील प्यूजो कंपनीच्या रचनेची डिझेल इंजिने स्वीकारली. मालकाच्या दृष्टीने हा बदल शहाणपणाचा होता. आजच्या संग्राहकाची मुख्य अडचण मात्र तेथूनच सुरू होते.

जिप्सीचा प्रवास

मारुती जिप्सी डिसेंबर १९८५ मध्ये विक्रीस आली. मारुती ८०० येऊन तेव्हा दोनच वर्षे झाली होती. पहिल्या जिप्सीचा अंतर्गत क्रमांक एमजी-४१०. तिचे इंजिन ९७० घन सेंमी.चे व सुमारे ४५ अश्वशक्तीचे होते आणि पुढे जाण्याचे गिअर चार होते. दिसायला नेटकी, आवाजाला नरम आणि हाताळायला हलकी, पण इंजिन अंगापेक्षा लहान, असा तिचा लौकिक होता. १९९३ मध्ये दोन्ही बाजूंच्या चाकांमधील अंतर वाढवून ती अधिक रुंद करण्यात आली आणि वळणावरील तिची स्थिरता सुधारली. १९९६ मध्ये १२९८ घन सेंमी.चे, ६० अश्वशक्तीचे इंजिन आणि पाच गिअर घेऊन ‘जिप्सी किंग’ आली. २००० मध्ये त्याच क्षमतेचे, पण कार्ब्युरेटरऐवजी एमपीएफआय इंधनप्रणालीचे आणि ८० अश्वशक्तीचे इंजिन तिला मिळाले.

नागरी ग्राहकांनी जिप्सीला मोजकाच प्रतिसाद दिला. पाटे कडक असल्याने खड्ड्यांत अंग खिळखिळे होई, मागील प्रवासी समोरासमोरच्या बाकांवर बसत आणि पेट्रोलशिवाय दुसरा पर्याय कधी मिळाला नाही. तिला तगवले ते भारतीय लष्कराने, पोलीस दलांनी आणि वनखात्याने. लष्कराने ती हजारोंच्या संख्येने घेतली. हिमालयातील आणि राजस्थानच्या वाळवंटातील मोटार-शर्यतींतही ती दीर्घकाळ स्पर्धकांची आवडती होती. हलके वजन, तुटले तर लगेच मिळणारे भाग आणि माफक किंमत ही त्याची कारणे. नागरी ग्राहकांसाठी तिचे उत्पादन २०१९ च्या आरंभी थांबले. त्यानंतर २०२३ मध्ये याच घराण्यातील पाच दारांची जिम्नी भारतात आली.

नागपूरकरांचा जिप्सीशी आलेला संबंध प्रामुख्याने जंगलातला. पेंच, ताडोबा-अंधारी, उमरेड-कऱ्हांडला, बोर, नवेगाव-नागझिरा या सर्व व्याघ्रक्षेत्रांकडे जाणाऱ्या पर्यटकांचे नागपूर हे मुख्य उतरण्याचे ठाणे आहे. छत काढलेली, मागे चढत्या उंचीची आसने बसवलेली हिरवी किंवा मातकट जिप्सी हे या वनांच्या प्रवेशद्वारांवरील नित्याचे दृश्य. पेट्रोल इंजिनाचा आवाज आणि थरथर कमी असते. प्राण्याजवळ उभे राहताना हा गुण मोलाचा ठरतो.

कामगिरीची तुलना

आकडे प्रथम पाहू. युद्धकालीन विलीज जीपचे इंजिन २१९९ घन सेंमी.चे, चार सिलिंडरचे आणि ६० अश्वशक्तीचे होते. एमपीएफआय जिप्सीचे इंजिन १२९८ घन सेंमी.चे, म्हणजे त्याहून बरेच लहान, तरी ८० अश्वशक्तीचे आहे. जीपचे वजन सुमारे ११०० किलो, जिप्सीचे १००० किलोच्या किंचित आत. एवढ्यावरून जिप्सी निर्विवाद वरचढ ठरते आणि हमरस्त्यावर ती तशी आहेही.

पण शक्ती आणि टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जीपचे इंजिन सुमारे १४२ न्यूटन-मीटर एवढा कमाल टॉर्क मिनिटाला २००० फेऱ्यांच्या आसपासच देते. जिप्सीचे इंजिन सुमारे १०३ न्यूटन-मीटर देते आणि त्यासाठी त्याला ४५०० फेऱ्यांपर्यंत चढावे लागते. बैल आणि घोडा यांतला हा फरक आहे. नांगरटीच्या ओल्या काळ्या मातीत, ज्याला वैदर्भीय बोलीत गारा म्हणतात त्या चिखलात, जीप मंद गतीने, इंजिन न घुमवता पुढे सरकते. जिप्सीचा चालक अशा जागी इंजिनाचे फेरे वाढवून वेगाने निसटण्याचा प्रयत्न करतो आणि हलक्या वजनामुळे तो बहुधा साधतोही. चालकाची सवय ज्या गाडीची असेल त्याप्रमाणे दुसरी गाडी त्याला निकामी वाटते.

दोन्ही गाड्यांत ट्रान्सफर केस, म्हणजे मुख्य गिअरबॉक्समधून आलेला जोर पुढील आणि मागील चाकांत वाटणारी वेगळी पेटी, असते. तिच्या दांड्याने चारचाकी ओढ जोडता-तोडता येते आणि अतिमंद गतीचा ‘लो’ टप्पाही निवडता येतो. दोन्हींत पुढील व मागील धुरांच्या मध्ये वेगफरक सांभाळणारी रचना नाही. वळताना पुढील चाके मागील चाकांपेक्षा अधिक अंतर कापतात. सैल मातीत चाके किंचित घसरून हा फरक भरून काढतात, पण कोरड्या डांबरी रस्त्यावर घसरणे शक्य नसल्याने सगळा ताण गिअरच्या दात्यांवर येतो. म्हणून सिमेंटच्या रस्त्यावर चारचाकी ओढ जोडून केलेली मिरवणूक ही गाडीवर केलेली क्रूरताच ठरते. दोन्हींतला एक फरक असा की, जिप्सीच्या ट्रान्सफर केसमधील ‘हाय’ टप्पाही थेट नाही, त्याचे प्रमाण १.४०९ आहे. त्यामुळे हमरस्त्यावर तिचे इंजिन नेहमी थोडे अधिक ओरडते.

लांबीचा मुद्दाही दुर्लक्षिण्यासारखा नाही. जीपच्या दोन धुरांमधील अंतर २०३२ मिमी., जिप्सीचे २३७५ मिमी. आखूड जीप नाल्याच्या काठावर पोट न टेकवता चढते-उतरते. परंतु तोच आखूडपणा वेगात वळताना धोक्याचा ठरतो.

अस्सलपणाची पारख

संग्राहकाच्या लेखी गाडीचे मोल ती किती मूळ रूपात आहे यावर ठरते. या कसोटीवर दोन्ही गाड्यांचे प्रश्न अगदी भिन्न आहेत.

जीपची रचना दशकानुदशके फारशी बदलली नाही. धुरांतील अंतर तेच आणि अनेक भागही अदलाबदल करता येण्याजोगे. या गुणामुळेच ती तगली आणि याच गुणामुळे तिची ओळख हरवली. ‘१९४२ ची विलीज’ म्हणून दाखवली जाणारी गाडी जवळून पाहावी, तर चेसिस युद्धातली, अंगाचा पत्रा महिंद्राचा, गिअरबॉक्स तिसऱ्याच गाडीचा आणि इंजिन डिझेल, असा प्रकार आढळतो. याला नेहमी फसवणूक म्हणता येत नाही. ऐंशी वर्षांत चार मालकांनी गाडी चालती ठेवली, याची ती खूण असते. तरीही घेणाऱ्याला खरे काय ते ठाऊक असायला हवे.

त्यासाठी काही खुणा उपयोगी पडतात. समोरच्या जाळीत उभ्या फटी किती आहेत ते प्रथम मोजावे: युद्धकालीन दाबपत्र्याच्या जाळीत ९ असतात, नंतरच्या नागरी सीजे नमुन्यांत ७. सर्वांत आरंभीच्या विलीजमध्ये दाबपत्र्याची जाळी नव्हतीच. लोखंडी पट्ट्या जोडून ती केलेली असे. अशी गाडी दुर्मीळ समजावी. नंतर रेडिएटरच्या खाली वाकून चेसिसचा पुढचा आडवा दुवा पाहावा. तो गोल नळीचा असेल तर चेसिस विलीजची, उलट्या पन्हळीसारखा असेल तर फोर्डची. फोर्डने आपल्या लहानसहान भागांवर, अगदी बोल्टच्या डोक्यांवरही, ‘एफ’ हे अक्षर उठवले होते. इंजिनावरील क्रमांकाच्या आधी विलीजमध्ये ‘एमबी’ आणि फोर्डमध्ये ‘जीपीडब्ल्यू’ ही अक्षरे येतात. युद्धकालीन गाडीत विद्युत-व्यवस्था ६ व्होल्टची आणि स्टिअरिंग डावीकडे असते. नागरी गाडीत मागे उघडणारे फळके असते. युद्धातल्या गाडीचा मागचा पत्रा अखंड असतो. यातली एखादी खूण मागाहून जुळवून घेता येते, परंतु सगळ्या एकाच वेळी जुळवणे अवघड असते.

येथे एक मत नोंदवणे आवश्यक आहे. भारतीय संग्राहकांत युद्धकालीन जीपचे आकर्षण इतके आहे की महिंद्राच्या जुन्या सीजे-३बी गाड्यांना खोटे लष्करी रूप देण्याचा प्रघात पडला. बोनेट बुटके करायचे, ९ फटींची जाळी लावायची, पांढरा तारा रंगवायचा. ज्या गाडीने महाराष्ट्रातील धरणे, रस्ते आणि निवडणुका पाहिल्या, तिला न लढलेल्या युद्धाचा गणवेश चढवला जातो. मूळ इंजिन असलेली, उंच बोनेटची, न छेडलेली महिंद्रा जीप आज युद्धकालीन जीपइतकीच जतन करण्याजोगी आहे, आणि तशा गाड्या झपाट्याने कमी होत आहेत.

जिप्सीत अशी सरमिसळ कमी, कारण ती एकाच कारखान्यातून, ठरावीक आवृत्त्यांत बाहेर पडली. तिच्याबाबत धोका आहे तो ‘सुधारणे’चा. मोठी चाके, उंच पाटे, बदललेले बंपर, कापलेले छत यांचा मोह फार थोड्या मालकांनी आवरला. आरंभीच्या अरुंद एमजी-४१० गाड्यांत तर ९७० घन सेंमी.चे मूळ इंजिन काढून १३०० चे बसवणे हा शहाणपणाचा बदल मानला जाई. परिणामी सर्वाधिक संख्येने असलेल्या एमपीएफआय जिप्सीच लोक जपून ठेवतात आणि सर्वांत जुनी, मूळ इंजिनाची, अरुंद जिप्सी मात्र शोधून सापडत नाही. संग्राहकाने घ्यावी ती हीच, चालवायला ती कितीही मंद असली तरी.

लष्कराच्या लिलावातून आलेल्या जिप्सीचे वर्ष तिच्या जुन्या क्रमांकावरून कळते. लष्करी वाहनाच्या क्रमांकाच्या आरंभी वर टोक असलेला बाण आणि त्यानंतर वर्षाचे दोन अंक असतात. रंग खरवडताना दरवाजाखाली किंवा बंपरवर हा बाण उघडा पडला तर तो जपून ठेवावा, कारण कागदपत्रांशी वर्ष पडताळण्यास तो साहाय्य करतो.

कायद्याची बाजू

केंद्र सरकारने २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून ‘व्हिंटेज’ वाहनांसाठी स्वतंत्र नोंदणी सुरू केली. प्रथम नोंदणीपासून ५० वर्षांहून अधिक काळ लोटलेली आणि चेसिस, अंग व इंजिन यांत मोठा बदल न झालेली दुचाकी व चारचाकी वाहने तीत बसतात. अशा वाहनाच्या क्रमांकात राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षे आणि पुनर्नोंदणीचे शुल्क ५,००० रुपये. हे वाहन प्रदर्शन, फेरी, तांत्रिक अभ्यास, इंधन भरणे व दुरुस्ती यांसाठीच रस्त्यावर आणता येते. नित्याच्या किंवा व्यावसायिक वापरासाठी नाही.

या नियमात दोन्ही गाड्यांची अडचण परस्परविरुद्ध आहे. जीपचे वय कधीच पुरे झाले आहे, पण डिझेल इंजिन बसवलेली किंवा अंग बदललेली जीप मूळ रूपाच्या अटीत अडखळते. उलट, मूळ रूपातील जिप्सी आजही मिळू शकते, परंतु सर्वांत पहिल्या जिप्सीचीही ५० वर्षे डिसेंबर २०३५ पूर्वी भरत नाहीत. तोवर तिला सामान्य जुन्या वाहनाप्रमाणेच वागवले जाते. खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांची असते. त्यानंतर दर पाच वर्षांनी योग्यता तपासणी करून ती वाढवून घ्यावी लागते. या नूतनीकरणाचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाले. शिवाय महाराष्ट्रात जुन्या वाहनांवर पर्यावरण कर आहे. या खर्चाला कंटाळून चांगल्या जिप्सीही भंगारात जातात किंवा कागदपत्रांविना शेतघराच्या आवारात उभ्या राहतात. एकदा नोंदणी तुटली की गाडी कितीही मूळ रूपात असली तरी ती रस्त्यावर आणणे कठीण होते.

बदल केलेल्या गाड्यांबाबत मोटार वाहन कायदा, १९८८ मधील कलम ५२ महत्त्वाचे आहे. निर्मात्याने नमूद केलेल्या तपशिलापेक्षा वाहन वेगळे करण्यास हे कलम मनाई करते आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मधील निर्णयात तोच अर्थ ठामपणे मांडला. म्हणून कोणतीही जीप किंवा जिप्सी घेण्यापूर्वी आरसी पुस्तकातील इंधनाचा प्रकार, आसनसंख्या, इंजिन क्रमांक व चेसिस क्रमांक प्रत्यक्ष गाडीशी ताडून पाहावेत. परराज्यातील गाडी असल्यास तेथील परिवहन कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र हाती आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये.

विदर्भातील हवामान आणि निगा

कोरड्या हवेमुळे नागपूर परिसरात पत्रा कोकणाच्या तुलनेने कमी गंजतो, हा संग्राहकांना मिळालेला लाभ आहे. उन्हाळा मात्र दोन्ही गाड्यांची परीक्षा घेतो. पारा ४५ अंशांवर गेला की कार्ब्युरेटरच्या जुन्या गाडीत इंजिनाजवळच्या नळीतील पेट्रोलची वाफ होऊन पुरवठा तुटतो आणि गाडी ऐन चौकात बंद पडते. ओले फडके नळीवर गुंडाळणे हा मिस्त्र्यांचा जुना उपाय आजही चालतो. नळी एक्झॉस्टपासून दूर वळवून घेणे हा अधिक टिकाऊ उपाय होय. एमपीएफआय जिप्सीला हा त्रास होत नाही, कारण तिच्यात इंधन दाबाखाली वाहते.

इथेनॉल-मिश्रित पेट्रोलचा प्रश्न नवा आहे. जुन्या रबरी नळ्या, पंपाचा पडदा आणि कार्ब्युरेटरमधील वायसर इथेनॉलने फुगतात किंवा तडकतात. शिवाय इथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेते, त्यामुळे महिनोन्‌महिने उभ्या असलेल्या गाडीच्या लोखंडी टाकीला आतून गंज चढतो. पावसाळ्यात गाडी उभी ठेवायची असल्यास टाकी रिकामी करून कोरडी ठेवणे किंवा गाडी दर पंधरवड्याने चालवणे, यांपैकी एक करावे. पडदे व नळ्या इथेनॉलला दाद न देणाऱ्या नव्या रबराच्या घालाव्यात. बाहेरून न दिसणारा हा बदल कोणीही जाणकार अस्सलपणाला बाधक मानत नाही.

सुट्या भागांत जिप्सीचे पारडे जड आहे. तिचे इंजिन मारुती एस्टीमशी नाते सांगणारे असल्याने त्याचे भाग सहज मिळतात. जीपचे यांत्रिक भाग मिळतात, पण मूळ युद्धकालीन दिवे, मापकफलक आणि पाट्या यांसाठी परदेशी विक्रेते किंवा हुबेहूब नकला यांवरच अवलंबून राहावे लागते.

जोंगा

या दोन गाड्यांच्या चर्चेत तिसरीचा उल्लेख अपरिहार्य आहे. नागपूरच्या उत्तरेस असलेल्या जबलपूर येथील वाहन कारखान्यात निसान पॅट्रोलच्या रचनेवर भारतीय लष्करासाठी ‘जोंगा’ ही गाडी बनत असे. तिचे सहा सिलिंडरचे पेट्रोल इंजिन सुमारे चार लिटरचे होते. मूळ जपानी, पण आकृती आणि प्रकृती अमेरिकन, असे हे मिश्रण १९९० च्या दशकाच्या अखेरपर्यंत तयार होत होते. लष्करातून निवृत्त झालेल्या जोंगा पुढे लिलावांतून नागरी मालकांकडे आल्या. तहान भागवता भागवता मालक थकून जात, म्हणून त्यांतील अनेकींना ट्रकची किंवा ट्रॅक्टरची डिझेल इंजिने बसवण्यात आली. मूळ पेट्रोल इंजिनासह चालती जोंगा आज अस्सल विलीजपेक्षाही विरळ आढळते.